मास्तरांच्या गळ्यातली टेप

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे, शिंप्याची, मापं घ्यायची. सध्या कचऱ्याच्या डब्यात पडले आहे, पिशवीत, वर घट्ट गाठ. गाडी कधीही येईल, म्हणून भरभर सांगते.

कारखान्यात माझ्या कापडावर आकडे छापले, टोकांना पत्रा ठोकला, आणि मी मास्तरांच्या गळ्यात येऊन पडले. अकरा वर्षं तिथंच. गिऱ्हाइकं म्हणायची, मास्तरांचं माप म्हणजे सूतभर इकडचं तिकडे नाही. मी फुगून जायचे, खोटं कशाला बोलू?

मग मास्तरांच्या मानेवर केसतोड झालं, नेमकं माझ्याखाली. डॉक्टरीणबाईंनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ठणका थांबला, तशा मास्तरांनी उरलेल्या गोळ्या बटणांच्या डब्यात ठेवल्या. पुढच्या वेळी उपयोगी पडतील म्हणे! चिंधीसुद्धा न टाकणारा माणूस तो.

पुढची वेळ आलीच. आधी काखेत गळू, मग पुन्हा मानेवर. मास्तर डब्यातल्या दोन-चार गोळ्या घ्यायचे, बरं वाटलं की बस्स. जे जंतू त्या गोळ्यांना पुरून उरायचे, त्यांचीच पिलावळ वाढायची. शेवटी ताप भरला, मान वळेना, गळू कापावं लागलं. पू तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे जंतू नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत. आता औषध वेगळं, आणि ते शेवटच्या गोळीपर्यंत घ्यायचं. टॉवेल, अभ्रे, कपडे कढत पाण्यात धुवायलाही बजावलं. मास्तरीणबाईंनी घरातलं एक फडकं सोडलं नाही.

मी मात्र दुकानात खुंटीवर. माझ्या धाग्याधाग्यात जंतू ठाण मांडून बसले होते, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही. मास्तर बरे झाले, मी पुन्हा गळ्यात, आणि महिन्याभरात गळूही पुन्हा तिथंच. औषध तर पुरं घेतलं होतं! डॉक्टरीणबाई चक्रावल्या. मी आतल्या आत ओरडत होते, पण टेपेचं कोण ऐकतं?

आज सकाळी मास्तरांची लेक बाळंत होऊन घरी आली. तिच्या पोटावरचे टाके अजून ओले, नात नऊ दिवसांची. आजोबांना दम कुठला! नातीला झबलं शिवायचं म्हणून त्यांनी साबणानं दोनदा हात धुतले आणि गळ्यातून मला काढलं. बाळाची उघडी छाती वीतभर अंतरावर आली. माझा जीव नुसता तळमळत होता.

"बाबा, थांबा," लेक म्हणाली. "हात धुतलेत. ही टेप कधी धुतलीत?"

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा हात हळूच मानेवरच्या पट्टीकडे गेला.

"टेप धुतली की आटते गं," ते म्हणाले. "माप चुकतं. म्हणून अकरा वर्षांत कधी धुतलीच नाही."

एवढं बोलून मला लांब धरत ते दाराबाहेर गेले. बाळाचं माप मग लेकीनं कोऱ्या रिळाच्या दोऱ्यानं घेतलं. मास्तर दारातून बघत होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवतात, आम्हाला जपा, टाकू नका. मला तसं म्हणायला तोंड नाही. डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्या गोळ्या पुऱ्या घ्या, राखून ठेवू नका. जखमेला लागलेली वस्तू धुवा, धुता येत नसेल तर टाका.

गाडी आली वाटतं. पिशवीची गाठ मास्तरांनी स्वतः मारली आहे. दया येऊन कोणी ती सोडू नका.