नवं कार्ड आणि बबिताची लदेणी

बाजूला काच आणि आत लाल दिवे असलेला एक जुना गेमिंग संगणक आहे मी, मित्रांनो. राळेगावजवळच्या एका बंजारा तांड्यात, धावजी आणि बसंतीबाई यांच्या घरी राहतो. आज माझे काही भाग नवे आहेत, वेग भरपूर आहे आणि माझ्यापुढे कोणी बसत नाही. हे कसं झालं ते सांगतो.

यवतमाळच्या एका दुकानात गोपालनं माझा एकेक भाग जोडला आणि धावजींचा मुलगा शाम मला मांडीवर घेऊन एसटीनं घरी आला. तेव्हा माझा थाट होता. तांड्यातली पोरं खिडकीला लटकून माझे दिवे बघत. गाड्यांच्या शर्यती खेळताना शाम म्हणायचा, "असा कंप्युटर आजूबाजूले कोणापाशी नाही." मला ते खरं वाटायचं.

पुढे नवे खेळ आले आणि ते मला झेपेनात. पडद्यावरची गाडी अडकायची, शाम टेबलावर हात आपटायचा. मग तो यवतमाळला कॉलेजात गेला. मी कापसाच्या ढिगाशेजारी पडून राहिलो. पंख्यात कापसाचे तंतू जाऊन बसले.

मला पुन्हा चालू केलं ते त्याच्या धाकट्या बहिणीनं, बबितानं. रंगाच्या ब्रशनं तिनं माझा पंखा हळूहळू साफ केला. ती खेळायला बसत नव्हती, खेळ बनवत होती. त्याचं नाव तिनं 'लदेणी' ठेवलं. तिचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडत, त्या फिरतीला लदेणी म्हणतात. खेळणाऱ्यानं जंगलातून पाणी शोधत बैल पुढे न्यायचे. बैलांना हाकारणारा आवाज बसंतीबाईंचा होता. गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, हाका मारता मारता त्यांना हसू फुटायचं. ते हसूही बबितानं खेळात राहू दिलं होतं.

नागपूरच्या एका संस्थेत खेळ बनवायला शिकवतात. तिथं प्रवेशासाठी स्वतःचं काम दाखवावं लागतं. बबिता त्याच तयारीत होती. मी फार हळू चालायचो. एक झाड हलवायचं म्हटलं तरी थांबून जायचो. ती हनुवटीवर हात ठेवून वाट बघायची, पण मला कधी वाईट बोलली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत शाम घरी आला. जेवताना त्यानं विषय काढला. "बापू, कंप्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड टाकू. नवे गेम चालतील."

बबिता म्हणाली, "कार्ड नको. प्रोसेसर जुना आहे, तो त्या कार्डाले पुरणार नाही. मेमरी वाढवली तरी माह्यं काम भागते."

"तुह्यं कोणतं काम?" धावजींनी विचारलं. ते रागावले नव्हते. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"खेळ बनवून राह्यली मी."

शाम हसला. "खेळाले काम म्हणते."

धावजी ताटावरून उठत म्हणाले, "गेमचाच कंप्युटर आहे ना तो? मंग शामले समजते त्यातलं."

ठरलं. बबिता शेतात गेली असताना शाम मला यवतमाळला घेऊन गेला. गोपालनंही त्याला तेच सांगितलं, की कार्डापेक्षा मेमरी टाक. शामनं ऐकलं नाही. कार्ड बसलं. त्याच्या जोडीला नवी, वेगवान डिस्क बसली आणि जुनी गोपालनं बदल्यात ठेवून घेतली. काढताना त्यानं विचारलं होतं, "यातलं काही ठेवाचं आहे?"

"काही नाही," शाम म्हणाला. "गेमच आहे सारे."

घरी आल्यावर मी क्षणात चालू झालो. बबितानं लदेणी शोधली. पुन्हा पुन्हा शोधली. खेळ जुन्या डिस्कवर होता आणि मोबाइलमध्ये मावत नव्हता, म्हणून दुसरी प्रत नव्हती.

"मले विचारलं काहून नाही?" ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाम गोपालकडे गेला. डिस्क पुसून कुणाच्या तरी सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या यंत्रात बसवून झाली होती. परत येऊन तो म्हणाला, "पुन्हा बनव ना. आता तर मशीन फास्ट आहे."

नागपूरला प्रवेशाच्या मुलाखतीला बबिता गेलीच नाही. दाखवायला काही नव्हतं. शामचे नवे खेळही अडकतच राहिले, कारण प्रोसेसर जुनाच होता. "हा कंप्युटरच बेकार आहे," असं म्हणून त्यानं पुण्याला नोकरी लागताच लॅपटॉप घेतला.

एका दुपारी बसंतीबाईंनी पदरानं माझी काच पुसली आणि लेकीला हाक मारली. "ये, मी पुन्हा बोलते. भर माहा आवाज खेळात."

"राहू दे याडी," बबिता दारातूनच म्हणाली. आईला ती याडी म्हणते. "मले नाही बनवा लागत आता." आणि ती कापूस वेचायला निघून गेली.

मित्रांनो, जुन्या यंत्रात नवे भाग जरूर घाला. आमची धूळ पुसा, आम्हाला वापरा. पण आम्हाला उघडण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, यात तुझं काय आहे? मोठ्यालाच नाही, धाकटीलाही विचारा. आणि तिनं उत्तर दिलं, तर हसू नका.