तोंड दिसू नये म्हणून

त्या गल्लीत त्यांना सगळे अंदाजेसाहेब म्हणत. खरं आडनाव दुसरंच होतं. पण घोड्यांच्या शर्यती असल्या की दुपारच्या अंकात ते ‘आमचा अंदाज’ नावाचं सदर लिहीत, आणि लोकांनी तेच त्यांना चिकटवून टाकलं होतं. अंदाज चुकला की लोक त्यांना मनसोक्त शिव्या घालत आणि पुढच्या शनिवारी तोच अंक पुन्हा विकत घेत.

त्या शनिवारीही पहिला चहा झाल्यावर बाहेरच्या खोलीत बैठक बसली. तिघंच जण. अंदाजेसाहेब, कोपऱ्यावरच्या सलूनचा मालक आणि काटेवाले काका. काका पूर्वी रेसकोर्सवर जॉकींचं वजन करायचे. निवृत्त झाले, काटा सुटला, नाव सुटलं नाही.

“चौथी शर्यत डोकं खाणार,” अंदाजेसाहेब पेन्सिलीचं टोक चावत म्हणाले.

ती हँडिकॅप होती. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कच्च्याच्या पाठीवर कमी; सगळे घोडे शेवटी एका रेषेत यावेत असा त्यामागचा हिशेब. आता त्यातला नेमका कोण पुढे निघेल ते ओळखायचं, म्हणजे हिशेब करणाऱ्याची चूक शोधायची.

“काळ्याला साठ किलो दिलेत,” सलूनवाला म्हणाला. “वय झालं त्याचं. नाही ओढणार.”

“मग ही खालची घोडी बघा. पाठीवर काही ओझंच नाही. मागच्या दोन्ही खेपेला आत अडकली बिचारी, वाटच मिळाली नाही. आज मोकळी वाट मिळाली तर—”

“तर!” काकांनी जांभई दिली. “उभा जन्म गेला माझा हा ‘तर’ ऐकण्यात.”

स्वयंपाकघरात धाकटी सून, म्हणजे अंदाजेसाहेबांची बायको, तिसऱ्यांदा चहा टाकत होती. तिच्या पाठीमागे घरातली शेवटची खोली होती. त्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी घातलेली होती. आत तिची थोरली जाऊ होती.

थोरलीचा नवरा जॉकी होता. अशाच एका हँडिकॅपमध्ये वळणावर घोड्याचा पाय मुरगळला, घोडा कोसळला आणि मागून येणारे घोडे नवऱ्याच्या अंगावरून गेले; तो जागीच गेला. पुढे काही दिवसांनी शर्यतीच्या सकाळी थोरली पाण्याचे पेले घेऊन बाहेरच्या खोलीत आली. त्या दिवशी अंदाजेसाहेबांचा एकही घोडा पहिला आला नाही. सासूबाई तेव्हा हयात होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “तिनं शर्यतीच्या दिवशी जरा आतच बसावं.” आवाज चढला नाही, भांडण झालं नाही. थोरली आत बसू लागली. एकदा विसरून बाहेर आली, तेव्हापासून कडी आली. “लाव गं तूच,” ती धाकटीला म्हणाली होती, “म्हणजे माझ्या हातून चूक व्हायला नको.”

सगळं असं समजुतीनं चाललं होतं. चहा आधीच आत जाई. मंडळी रेसकोर्सवर गेली की दार उघडे. आणि त्या बंद खोलीत बसून ती शिवायची काय? जॉकींचेच सदरे. तबेल्यांचे मालक तिच्याकडून शिवून घेत. पिवळ्यावर जांभळे पट्टे, लाल बाह्या, हिरवी टोपी. साटीनला सुरकुती न पडू देता बाही जोडावी तर तिनंच. तिच्या हातचं कापड छातीवर घालून कितीतरी जण जिंकले. तिचे हात कुणाला अशुभ वाटले नाहीत. तोंड तेवढं वाटत होतं.

दारावर टकटक झाली. हलकीच.

धाकटी दाराशी गेली. “काय हो ताई?”

“पंप,” आतून आवाज आला. “संपलाय. नवा... आणलास ना?”

जाऊबाईंना दमा होता. नवा पंप तिनं कालच आणला होता आणि कामाच्या रगाड्यात डब्यांच्या फळीवर ठेवून विसरली होती. तिनं तो उचलला, कडीला हात घातला. तेवढ्यात अंदाजेसाहेब कप ठेवायला आत आले.

“आता नको,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “शेवटच्या तीन शर्यतींचे अंदाज लिहायचे राहिलेत. आम्ही निघालो की उघड.”

“अहो, श्वास लागलाय त्यांना.”

“नेहमीच लागतो. इतक्या दिवसांत काय झालं? आज चौथीचा घोडा सापडतोय मला, मोडता घालू नकोस.”

ते वाईट गृहस्थ नव्हते. वहिनींच्या औषधाला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. पण सदर चुकत चाललं होतं, संपादकाचं तोंड आंबट झालं होतं, आणि थकलेल्या माणसाला दोष ठेवायला जागा लागते. त्यांना ती घरातच मिळाली होती.

धाकटी उभी राहिली. हातात पंप, समोर दार. पुन्हा टकटक झाली. मग काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. मग काहीच नाही.

तिला आधी बरं वाटलं. बसल्या असतील, थांबल्या असतील. पुढे आयुष्यभर तिला सलत राहिलं ते हेच, की ती शांतता ऐकून आपल्याला बरं वाटलं.

तिनं कडी काढली. थोरली दाराला टेकून खाली घसरली होती. ओठ निळसर, मान एका बाजूला, डोळे उघडे. धाकटीनं पंप तोंडाशी धरला, दाबला, पुन्हा दाबला. श्वास आत जाईना. नुसती शिट्टीसारखी घरघर. दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि घरातून बाहेर पडायची वाट एकच होती, बाहेरच्या खोलीतून.

तिनं जावेच्या काखेत हात घातले आणि ओढतच तिला स्वयंपाकघराच्या दाराशी आणलं.

“अहो, धरा! कुणीतरी धरा हो!”

बाहेरच्या खोलीत तिघंही उठले. आणि जे झालं ते सांगताना लेखणी जड होते. सलूनवाल्यानं भिंतीकडे तोंड केलं. अंदाजेसाहेबांनी केलं. काकांनीही केलं. तीन थोराड पुरुष, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे, भिंतीला नाक लावून उभे राहिले, आणि त्यांच्या मागून एक बाई दुसऱ्या बाईला फरशीवरून फरफटत नेऊ लागली.

“ने, ने लवकर,” अंदाजेसाहेब भिंतीला म्हणाले. “आम्ही बघत नाही.”

धाकटी उंबऱ्याशी थांबली. तिच्यात पुढे ओढायचं बळ उरलं नव्हतं. ती ओरडली नाही. दमलेल्या आवाजात म्हणाली, “काका, यांच्या नवऱ्याचं शेवटचं वजन तुम्हीच केलं होतं ना? तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघितलं होतंत. आज यांच्याकडे बघा.”

काकांची पाठ हलली. म्हातारा वळला. त्यानं थोरलीकडे बघितलं, नीट बघितलं, आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. “अरे देवा,” म्हणत त्यानं तिला उचललं. दोघांनी मिळून तिला रस्त्यावर आणलं, रिक्षा थांबवली.

थोरली वाचली. डॉक्टरांनी विचारलं, “किती वेळ अशा होत्या?” धाकटीनं हातातला पंप मुठीत झाकला.

त्या दिवशी अंदाजेसाहेबांची घोडी पहिली आली. मोकळी वाट मिळाली आणि ती सुटली ती सुटलीच. संध्याकाळी ते दवाखान्यात आले तेव्हा चेहऱ्यावर काळजी होती आणि काळजीखाली समाधान. “बघ,” ते व्हरांड्यात बायकोला म्हणाले, “तोंड पाहिलं नाही म्हणून. उगाच म्हणत नव्हतो मी.”

धाकटीला कळून चुकलं. घोडी हरली असती तर ते म्हणाले असते, वहिनी खोलीतून गेल्या म्हणून. जिंकली तरी गुन्हेगार थोरलीच, हरली तरी थोरलीच. या न्यायालयात सुटका नव्हती. तिथं वाद घालण्यात अर्थ नव्हता. ते न्यायालयच उठवायला हवं होतं.

पुढच्या शर्यतीच्या सकाळी मंडळी यायच्या आधी तिनं शिवणयंत्र बाहेरच्या खोलीत खिडकीशी आणून ठेवलं आणि थोरलीला त्याच्यापुढे बसवलं. थोरली घाबरून गेली. “नको गं, धाकटे. मला सवय आहे आत बसायची.”

“तीच मोडायची आहे, ताई.”

अंदाजेसाहेब आंघोळ करून आले आणि जागच्या जागी थबकले. “हा काय तमाशा? आत ने त्यांना!”

“उजेड इथं चांगला आहे. त्या इथंच शिवतील.”

“आणि माझे अंदाज?”

“तुम्हाला एवढीच भीती वाटत असेल, तर तुम्ही आत बसा. कडी लावून देते बाहेरून.”

घरात कुणी त्यांच्याशी असं बोललं नव्हतं. बायकोच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता, आणि थकव्याशी भांडता येईना. ते धपकन खुर्चीत बसले.

सलूनवाला दारातून आत डोकावला, यंत्रापुढची बाई बघितली आणि चप्पल न काढताच मागे फिरला. काका मात्र आले. “कशा आहात, वहिनी?” त्यांनी विचारलं. थोरलीनं मान हलवली आणि ती दोरा ओवू लागली. सहा शर्यतींचे अंदाज लिहून झाले. संध्याकाळी कळलं, दोन बरोबर आले, चार चुकले. नेहमी एवढंच व्हायचं.

त्याआधी, सकाळी कपबश्या उचलताना धाकटी म्हणाली, “सलूनवाले गेले वाटतं.”

“जाणारच,” काका म्हणाले. “त्याची बहीण असते त्याच्याकडे. नवरा गेल्यापासून तिलाही माळ्यावर बसवतात, सकाळी दुकान उघडायच्या वेळी. पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत तिनं जिना उतरायचा नाही.”

“रोज?”

“रोज.”

धाकटी खाली बसली. पाय दुखत होते, पाठ दुखत होती. गेले काही दिवस दवाखाना आणि घर करून ती पार पिचून गेली होती. कपबश्या तशाच पडल्या होत्या. एका घरातली एक कडी काढायला एवढं बळ लागलं. गल्लीत घरं किती होती!

ती उठली, चपला घातल्या आणि कोपऱ्यावर गेली. सलूनच्या बाजूचा जिना चढून तिनं वरचं दार वाजवलं. सलूनवाल्याच्या बायकोनं दार अर्धवट उघडलं.

“ते खाली दुकानात आहेत.”

“त्यांच्याकडे नाही आले मी,” धाकटी म्हणाली. “तुमच्या नणंदेला भेटायला आलेय. बोलवा त्यांना. वेळ लागला तरी मी थांबते.”

आणि ती पायरीवर बसली.