अकरा नंबरचा प्लॉट

"संपलं!" टँकरवाल्याने नळी झटकली. रांगेत अजून वीस-बावीस हंडे होते.

"उद्या सकाळी दुसरा मागवतो," आप्पासाहेब म्हणाले.

"उद्यापत्तुर आमी काय जीभ चाटायची व्हय?" छबूबाई म्हणाली, तशी रांग हसली. आप्पासाहेबही हसले. टँकरच्या पोटावर त्यांचंच नाव रंगवलेलं होतं, आणि बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या त्या उन्हाळ्यात केडगावात ते नाव देवाच्या जोडीने घेतलं जाई. पुणे रस्त्याच्या कडेची रानं घेऊन त्यांनी प्लॉट पाडले, विकले, मोठे झाले. पोटी मूल नाही. बायको गेल्यावर त्यांनी शाळेला खोल्या दिल्या, दवाखान्याला खाटा दिल्या. आता पाणी देत होते.

म्हातारी मालनबाई मात्र हसली नाही. रिकामा हंडा घेऊन ती पुढे आली.

"आप्पा, टँकर नगं मला. माजा आड दे."



नऊ वर्षांपूर्वी तिच्याच रानाचे प्लॉट पडले होते. तिच्या सासऱ्याने खणलेला आड अकरा नंबरच्या प्लॉटच्या मधोमध येत होता. "आता घरोघर नळ येणार, मालनबाई," असं सांगून आप्पासाहेबांनी तो दगडमातीने बुजवला. नळ आला तो कोपऱ्यावर एकच, आणि तोही आता कोरडा होता. ज्यांनी तो प्लॉट घेतला त्या दानीएल मास्तरांना आडाचं त्यांनी कधी सांगितलंच नाही.

त्या दुपारी आप्पासाहेब मास्तरांच्या दारात उभे राहिले. मरियमबाईंनी अर्धा पेला पाणी आणून दिलं. पाहुण्याला अर्धा पेला द्यायचे ते दिवस होते. आप्पासाहेबांनी तो तसाच खाली ठेवला.

"मास्तर, तुमच्या चुलीखाली आड आहे. मीच बुजवलाय."

"तरीच!" मरियमबाई म्हणाल्या. "दर पावसाळ्यात तिथली फरशी खचते. हे म्हणायचे, घूस आहे. नऊ वर्षं मी त्या घुशीला शिव्या घालतेय हो!"

मास्तर हसले नाहीत. "खणला तर पाणी लागेल?"

"सांगता येत नाही."

"आणि घर?"

"दुसरं बांधून देतो. याच्यापेक्षा मोठं."

"आमच्या लेकीचं, दयाचं लग्न या घरातनं झालं, साहेब. ते कसं बांधून द्याल?"

आप्पासाहेबांनी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं.  

रस्त्यापलीकडे मालनबाई हंडा मांडीवर घेऊन बसली होती. मरियमबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग आत गेल्या आणि चुलीवरचा तवा उचलून बाहेर आल्या.

"खणा. मी लिंबाखाली चूल मांडते."

तेरा दिवस खणणं चाललं. चौथ्या दिवशी स्वयंपाकघराची भिंत बसली. सातव्या दिवशी आडाचा काठ मोकळा झाला. दोराने घासून पडलेल्या खाचा दगडात तशाच होत्या. आप्पासाहेब रोज सकाळी येत, संध्याकाळपर्यंत काठावर उभे राहत. कुणी पाणी विचारलं तर तेही नको म्हणत.

तेराव्या दिवशी खालून आवाज आला, "खडक लागला, सायेब. पार कोरडा हाय."

मालनबाई तोवर येऊन उभी राहिली होती. हंडा तर होताच, शिवाय घरात जपून ठेवलेला जुना दोर आणि पोहरा तिने बरोबर आणला होता.

"मावशी, खाली काही नाही," आप्पासाहेब म्हणाले.

"ऐकलं म्या."

गडी वर आल्यावर तिने पोहरा सोडला. दोर जुन्या खाचेत बसला आणि सरसरत गेला. खाली पोहरा दगडावर वाजला. तिने तो ओढून वर घेतला, उपडा केला. चिमूटभर माती पडली.

"दोर बराबर पुरला," ती म्हणाली.

तिने दोराचं वेटोळं केलं, खांद्याला अडकवलं. तिचा हंडा घ्यावा म्हणून आप्पासाहेबांनी हात पुढे केला. तिने हंडा स्वतःच कमरेवर नीट बसवला आणि निघाली.

नाक्यावर टँकर आला होता. रांग लांब होती. मालनबाई जाऊन शेवटी उभी राहिली.

लिंबाखाली मरियमबाई चूल फुंकत होत्या.