मेथीची अक्षरं

मी खुरपी बोलतेय. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की सांगते, कारण मेहकरची एस.टी. तेव्हाच फाट्यावरून जायची आणि आमच्या गावात तेवढंच एक घड्याळ होतं.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं. गावोगाव शाळा निघत होत्या, फक्त आमच्या गावात निघायची राहिली होती. शाळा नाल्यापलीकडच्या गावात. माझ्या मालकिणीची, कोकिळेची, मुलगी चांगुणा सहा वर्षांची झाली, पण कोकिळेला नाल्याच्या पुराची धास्ती. नाला कोरडा असला तरी धास्ती. त्या सकाळी मला हातात घेऊन ती म्हणाली, "चांगू, तू घरीच शिक. चाल परसात."

बाई माहेरी सातवी शिकलेली. पण पाटी फुटलेली आणि घरात पुस्तक एकच, सासऱ्यांची पोथी. तिला हात लावायची सोय नव्हती. मग तिनं माझ्या टोकानं वाफ्यात अक्षरं कोरली आणि त्यांत मेथी पेरली. जानेफळच्या लोहारानं मला तण काढायला घडवलं होतं. मी अक्षरं काढते हे कळलं असतं, तर तो ऐरण सोडून हसत सुटला असता.

पाचव्या दिवशी हिरवा 'ग' उगवला. सासरे उकंडराव म्हणाले, "काऊन सूनबाई, पोरगी शिकून राह्यली का भाजी लावून राह्यली?"

"दोन्ही, मामाजी."

आज वाचलेलं ग म भ न महिन्याभरानं भाकरीसंग ताटात यायचं. उकंडरावांनी जन्मात इतकी अक्षरं पोटात घातली नव्हती.

वाफ्यात पाय पडू नये म्हणून तण निंदताना एकीनं या वरंब्यावर बसायचं, दुसरीनं समोरच्या. ही रीत सगळ्यांचीच. कोकिळा कोरायची, चांगुणा समोर बसून वाचायची. यात काय चुकतंय ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. मला तर वाचताच येत नव्हतं.

दोन वर्षं गेली. कोकिळेला येत होतं तेवढं शिकवून संपलं, म्हणून तिनं भीत भीत शाळेचं नाव काढलं. उकंडरावांनी निकाल दिला, "एकदम दुसरीत घेतली तर शिकू दे. पह्यलीत बसवली तर वापस आण. आठ वर्साची पोरगी लहान्या लेकरांत बसली तर लोकं हासतीन." नवरा दयाराम वडिलांपुढे तोंड उघडायचा तो फक्त जेवायला.

शाळेतून येताना गवत कापायचं म्हणून कोकिळेनं मला कमरेला खोचलं होतं. त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

माणिकराव मास्तरांनी चांगुणाला पुस्तक दिलं. तिनं ते शांतपणे उलटं धरलं.

"पुस्तक धरता येत नाही, अन् म्हणे दुसरी!" मास्तरांनी ते सरळ केलं. चांगुणा पहिल्याच ओळीत अडली. कोकिळेची मूठ माझ्यावर इतकी आवळली, की माझा दांडा ओला झाला. मास्तरांनी टाक बुडवला आणि समोरच्या वहीत एक शब्द लिहिला.

टेबलाच्या या बाजूनं चांगुणानं वाकून पाहिलं. "ना-पा-स."

मास्तरांचा टाक हवेतच राहिला. "तुले कोनं सांगितलं, पोरी?"

"तुमीच तं लिवलं. तुमी माह्यासमोर बसले न, मंग वाचता येते."

कोकिळेनं कपाळावर हात मारला. "अव माय! मास्तर, आम्ही वाफ्यावर समोरासमोर बसतो. मी काढलेलं एकूण एक अक्षर या पोरीनं उलटंच पाह्यलं हो!"

मास्तर टोपी काढून हसले. "'नापास' धडाधड वाचते, अन् हिले मी नापास करू? पोळ्यापर्यंत सरळ वाचायले शिकव, बाई." त्यांनी तो शब्द खोडून वर 'दुसरी' लिहिलं. चांगुणानं तेही वाचलं. यावेळी मोठ्यानं.

त्या संध्याकाळी पारावर उकंडराव सांगत होते, "मीच म्हटलं होतं, मेथीनं डोकं चालते!"

आता चांगुणा चौथीत आहे. परसातली मेथी बिनअक्षरी, सरळ ओळीत उगवते. मी झिजून गोठ्याच्या आढ्याला अडकवलेली असते. गवताचं निमित्त करून कोकिळा लेकीमागं नाल्यापर्यंत जाते तेव्हाच मी खाली उतरते. तिची भीती काही गेली नाही.

माझं एक काम करा. तुमच्या ओळखीत अशी शाळेविना घरी राहून गेलेली पोरगी असेल, तर तिच्या आईला माझा निरोप द्या. भीती वाटली तरी तिला शाळेत घेऊन जा. कोकिळाही घाबरतच गेली होती.