डबीच्या डोळ्यातलं कुंकू

“तोंडाला लाव गं. पाठीला लावलेलं कुंकू काय कामाचं?”

खंडेनवमीला सासूबाई असं सांगायच्या. विळीच्या पात्याला, कात्रीच्या टोकाला, शिवणयंत्राच्या सुईपाशी. हत्यार ज्या बाजूने काम करतं ती त्याची तोंडाची बाजू. त्या जाऊन सहा वर्षं झाली, तरी पूजेचं ताट हातात घेतलं की आधी तो आवाज येतो.

१९९९च्या खंडेनवमीलाही आला. डोंबिवलीत आमचं लग्नपत्रिका आणि कॅलेंडरांचं दुकान. माझे दीर परशुराम कॉम्प्युटरवर चित्रं जुळवतात, मी मजकूर तपासते. त्या दिवशी मी कीबोर्डला, स्कॅनरला हळदकुंकू वाहिलं आणि शेवटी नव्या डबीलाही.

डबी तळहाताएवढी. मॉनिटरच्या काचेला रबराच्या वाट्यांनी चिकटवायची. पडद्यावर लाल, हिरवा, निळा किती आहे ते ती मोजणार आणि त्यावरून पडद्याचा रंग दुरुस्त करता येणार. मुंबईतल्या एका जाहिरात कंपनीने काढून टाकलेली, भाऊजींनी मागून आणली. ती आणायला कारण होतं.

खाडीकाठच्या एका गावच्या देवीचं कॅलेंडर दरवर्षी आम्ही करतो. देवीचा मुखवटा पितळी. गेल्या साली आमचा पडदा मुळात लालसर दाखवत होता. भाऊजींनी डोळ्याला बरं वाटेल इतका लाल काढून टाकला आणि छापून आला तो हिरवट मुखवटा. पितळ कळकल्यासारखा. कॅलेंडर घरोघरी लागलं. तो मुखवटा दर शुक्रवारी चिंच लावून घासायचा मान कमळाबाईंचा, त्यांच्या सासूच्या सासूपासून चालत आलेला. वर्षभर बायका त्यांना विचारत राहिल्या, “आई कळकली काय गो? हात दुखतान काय तुजं?” आणि यंदा मंदिराच्या बैठकीत ठरलं, पुन्हा आई अशी दिसली तर मान दुसऱ्या घरी जाईल. मुखवटा रोज समोर लखलखत असताना लोकांनी भिंतीवरच्या कागदावर विश्वास ठेवला.

हे सगळं कमळाबाईंच्या यजमानांनी, दामाजींनी, आमच्या दुकानात उभ्याने सांगितलं होतं. गुरुवारी चार वाजता ते नमुना बघायला येणार होते. पाचच्या आत फाइल सीडीवर घालून खोपटच्या माणसाकडे छपाईची फिल्म काढायला निघाली नाही तर छापखान्याची पाळी चुकणार आणि कॅलेंडर जत्रेनंतर निघणार.

अडचण अशी की डबी चालवायच्या प्रोग्रामची फ्लॉपी विंडोजची, आणि भाऊजींच्या मशीनवर लिनक्स. मोठी चित्रं उघडली की विंडोज मान टाकायचं, म्हणून एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यांनी लिनक्स चढवलं होतं. डबीशी बोलणारा प्रोग्राम आता त्यांनाच लिहायचा होता.

शनिवारी डबी गप्प. सोमवारीही गप्प.

“वहिनी, हिने मौन धरलंय. तुमच्याकडूनच शिकली असणार.”

“माझं नेमाचं मौन रोज सकाळी नऊला सुटतं हो,” मी म्हटलं.

मंगळवारी त्यांना उमगलं, की डबी ज्या वायरीने कॉम्प्युटरला जोडलीय त्याच वायरीतून तिला वीजसुद्धा मिळते. आधी प्रोग्रामने ती सोडायला हवी. ती सोडली आणि पडद्यावर आकड्यांची एक ओळ उमटली. भाऊजी खुर्चीवरून उठून नाचले. बुधवारी आकडे रंगांना जोडले. गुरुवारी दुपारी डबी काचेला लावली, प्रोग्राम चालवला, पडदा दुरुस्त झाला म्हणून देवीचं चित्र उघडलं.

मुखवटा हिरवा. गेल्या सालापेक्षा हिरवा.

भाऊजींनी पुन्हा चालवला. पुन्हा हिरवा. तिसऱ्यांदा ते नुसते आकड्यांकडे बघत बसले. “कोरा पांढरा पडदा दाखवतोय हिला, तरी म्हणते सगळं लाल आहे. लाल दिसतं म्हणून प्रोग्राम लाल कमी करतो. माझंच काहीतरी चुकतंय. खोपटला फोन करून येतो, तासभर थांबा म्हणतो.” ते शेजारच्या पीसीओवर गेले. साडेतीन झाले होते.

सगळं लाल आहे.

मी डबी काचेवरून सोडवली आणि उलटी केली. मधोमध बारीक खिडकी, तिच्या काचेवर सुकलेलं कुंकू. पाठीला नाही, तोंडाला. मीच ओल्या बोटाने लावलेलं. पाच दिवस ती बिचारी कुंकवातून जग बघत होती.

रोज एकशे आठ वाती वळायचा माझा नेम, त्यामुळे पिशवीत कापूस असतोच. काच पुसली, लाल झालेला कापूस मुठीत दाबला, डबी होती तशी चिकटवली. सांगायचं काय? आता नीट चालेल, संपलं.

भाऊजी आले ते बोलतच. “खोपटवाले थांबत नाहीत. एक ओळ घालतो. लालचा आकडा पाऊण धरायचा. अडाणी उपाय आहे, पण वेळ नाही.” मी कापसाची मूठ पदराखाली घेतली. त्यांनी ओळ घातली, प्रोग्राम चालवला.

या खेपेला काच स्वच्छ, तरी लाल कमी धरलेला; प्रोग्रामने तो वाढवला. मुखवटा लालभडक. पितळेचं तांबं झालं.

“हे कसं झालं?” भाऊजींचा आवाज चिरकला. “घटकेपूर्वी हिरवा होता! वहिनी, डबीला हात लावलात का तुम्ही?”

“नाही,” मी म्हटलं.

जिन्यावर चपला वाजल्या. दामाजी आत आले, टोपी काढून पडद्यापुढे उभे राहिले.

“गेले साली हिरवी, यंदा लाल. परशुराम, आई हाय का सिग्नल?”

भाऊजींनी मान खाली घातली. “दामाजीदादा, दुसरीकडे बघा तुम्ही. मला नाही जमत हे. चूक कुठे आहे तेच सापडत नाही.”

“दुसरा कोन आता? घरवालीनं कालपासना अन्न नाय घेतला.”

दिवसभरात तोंडून गेलेलं खोटं संध्याकाळचा दिवा लावायच्या आत परत घ्यायचं, हाही माझा नेम. दिव्याला अजून अडीच तास होते. फाइल निघायला एकच.

मी मूठ उघडली. लाल कापूस टेबलावर ठेवला.

“मी लावला होता हात, भाऊजी. कुंकू मीच लावलं, खंडेनवमीला, तिच्या काचेवर. आत्ता पुसलं आणि सांगितलं नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. ती पाऊण धरायची ओळ तेवढी काढा.”

भाऊजी कापसाकडे बघत राहिले. “पाच दिवस, वहिनी,” ते हळूच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मग वळले आणि ओळ खोडली.

प्रोग्राम चालू झाला. पांढरा, राखाडी, काळा. मग लाल, हिरवा, निळा. प्रत्येक चौकोनापाशी थांबत आकडे सरकत होते. साडेचारला चित्र उघडलं.

पिवळंधमक पितळ. नुकतं चिंचेने घासलेलं.

दामाजींनी हात जोडले. मग त्यांना हसू फुटलं. “यंत्राचे डोल्यान कुकू! वहिनी, तुमी तं त्यालाच सवाशीन केलाव!”

भाऊजींनी फाइल सीडीवर चढवली आणि पाचला पाच कमी असताना ती घेऊन जिना उतरून पळाले. मी दामाजींना म्हटलं, “गेल्या सालीही दोष आमच्या पडद्याचाच होता. कमळाबाईंचा नव्हे. त्यांना सांगा.”

“तिला म्हाईत हाय. बायांना सांगा. बाया माजा नाय ऐकाच्या, बायांचा ऐकतान.”

“सांगते. उद्याच. मुखवटा घासायच्या वेळेला येते.”

शुक्रवारी नऊला माझं मौन सुटलं. वातींचा नेम झाला होता. पिशवीत चिंचेचा गोळा घेतला, बायकांना दाखवायला कागदाच्या पुडीत तो लाल कापूस बांधला, आणि कुणाला हाक न मारता दार ओढून घेऊन खाडीच्या वाटेला लागले.