क्वार्टरबॅकची आई

मास्तरांकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हे माझ्या अंगात मुरलेलं. म्हणून बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन मी जर्मनीतल्या आमच्या र्युसेल्सहाइमच्या त्या मैदानावर पोचले. बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. उर्जाची प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आत कोचना गाठायचं होतं, आणि तिला पत्ता लागू द्यायचा नव्हता.

उर्जा माझी एकुलती एक. पोरीने बॅडमिंटन खेळावं, पोहायला जावं. पण नाही, हिला अमेरिकन फुटबॉल हवा. लांबुळका चेंडू हाताने फेकायचा आणि एकमेकींना आडवं पाडायचं. त्यातही ही क्वार्टरबॅक. म्हणजे चेंडू फेकणारी, डाव ठरवणारी, आणि म्हणूनच समोरच्या सगळ्या धटिंगणी जिच्या अंगावर धावून येतात ती. गेल्या मॅचनंतर घरी आली तर खांदा वांग्यासारखा जांभळा. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. “अगं, कोचशी बोल की एकदा,” असं म्हणून भास्कर ऑफिसला निघून गेला. नवऱ्यांना हे छान जमतं.

कोच व्हिटफील्ड आले. पंचाहत्तरी उलटलेली, हातात काठी, पण खांदे अजून दाराएवढे. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या संघातले हे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू, आणि पुढे तिथलेच पहिले कृष्णवर्णीय कोच. बायको इथली, म्हणून निवृत्त झाल्यावर इकडे आले. आमच्या घरात त्यांचा शब्द माझ्या शब्दापेक्षा मोठा.

“कोच, एक विनंती होती,” डबा पुढे करत मी इंग्रजीत म्हणाले. “उर्जाला दुसरीकडे कुठेतरी खेळवा ना. जरा कडेला. आणि मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका.”

त्यांनी लाडू उचलला, सावकाश खाल्ला. मला वाटलं, झालं काम.

“माझ्या आईने केक नेला होता,” ते म्हणाले. “मी शाळेपासून क्वार्टरबॅक. कॉलेजात गेलो तर प्रेक्षकांतून बाटल्या यायच्या, घरी धमक्या यायच्या. काळ्या पोराने डाव ठरवायचा, हे लोकांना सहनच होत नव्हतं. आईने कोचना सांगितलं, त्याला दुसरीकडे खेळवा. पण त्याला कळू देऊ नका.”

“मग?”

“कोचने मला सांगितलं, तुझा हात कमी पडतो. तो अख्खा उन्हाळा मी भिंतीवर चेंडू फेकत होतो, खांदा कामातून जाईपर्यंत. पुढे मीच तिथला कोच झालो, तेव्हा त्या म्हाताऱ्या कोचने खरं काय ते सांगितलं. तोवर आई गेली होती.” त्यांनी हात झटकले. “तुमच्या मुलीला मी काय कारण सांगू? हात कमी पडतो म्हणू?”

माझं डोकंच फिरलं. मूल माझं, आणि हे मला शिकवणार?

“तुमच्या आईचं काय चुकलं? जिवंत राहिलात ना?”

“राहिलो,” ते शांतपणे म्हणाले. “पण तिने माझा खेळ एकदाही पाहिला नव्हता. तुम्ही पाहिलाय उर्जाचा?”

मी पाहिला नव्हता. मी फक्त खांदा पाहिला होता.

तेवढ्यात हेल्मेट हातात घेऊन उर्जा आलीच. “आई? वास माख्स्ट डू डेन हीअर?” तू इथे काय करतेस, म्हणे. लाडू द्यायला आले, असं सांगून सुटता आलं असतं. कोच मैदानाकडे बघत उभे होते.

“तुला क्वार्टरबॅकवरून काढा, असं सांगायला आले होते,” मी म्हणाले. “मला भीती वाटते गं.”

तिचा चेहरा लालबुंद झाला. “उंड?” मग, म्हणे.

“ते नाही म्हणाले.”

तिने हेल्मेट चढवलं आणि पाठ फिरवून निघून गेली. कोचही तिच्या मागे गेले. मलाही जाता आलं असतं, स्टेशन काही लांब नव्हतं. डबा पिशवीत टाकला, बाहेर काढला, पुन्हा टाकला. शेवटी बसले.

चेंडू उर्जाच्या हातात आला. समोरून दोघी धावत सुटल्या. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. तिने हात मागे नेला, चेंडू लांब फेकला, आणि त्याच क्षणी त्या दोघींनी तिला आडवी केली. मी ताडकन उभी राहिले. उर्जा कोपरावर उठली, आणि बाकी सगळ्या चेंडूकडे बघत असताना तिने आधी बाकाकडे पाहिलं.

मी तिथेच होते.