पुऱ्या धवल्याची तारीख

रंजिताची आई मालू धवलारीण होती. खाडीकडच्या गावांत आगऱ्यांच्या घरी हळद असली की मांडवात बसून धवला, म्हणजे लग्नविधीचं लांबलचक गाणं, म्हणायला तिलाच बोलावणं यायचं. देवांना आवतण देण्यापासून नवऱ्याची हळद उतरेपर्यंत सगळं तिला तोंडपाठ होतं. लिहून ठेवलेलं काही नव्हतं. तिला लिहिता येत नव्हतं, आणि तशी गरजही कधी पडली नव्हती. मग तिला विसर पडायला लागला. आधी माणसांची नावं गेली, मग गॅस बंद करायचं राहू लागलं, मग नवीन पनवेलमधल्या स्वतःच्याच बिल्डिंगचा जिना सापडेनासा झाला.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या. त्या तिला सोसत नव्हत्या. मळमळायचं, जेवण जायचं नाही, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. मागच्या भेटीत डॉक्टरांनी स्पष्ट विचारलं, की गोळ्यांनी काही फरक पडला आहे का. पडला असेल तर डोस वाढवू, नसेल तर हा त्रास उगाच कशाला द्यायचा.

कमळाकर, रंजिताचे वडील, लगेच म्हणाले की फरक आहे. गोळ्या सुरू झाल्यावर, पुतण्याच्या म्हणजे हृतिकच्या हळदीत ती पुरा धवला गायली आणि त्याचं रेकॉर्डिंग घरात आहे. डॉक्टरांनी रेकॉर्डिंग ऐकलं. मग त्यांनी विचारलं, हे नक्की केव्हाचं आहे?

कमळाकर रंजिताकडे बघायला लागले. ती कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत सर्व्हर सांभाळायची आणि रोडपालीला राहायची. फाइलची तारीख काढणं म्हणजे तिच्या हातचा मळ, असं तिलाही त्या क्षणी वाटलं.

रेकॉर्डिंगं धनेशकडे होती. तो तिचा मोठा भाऊ, पनवेलला लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ चालवायचा. आई गाताना तो वर्षानुवर्षं मोबाइलवर रेकॉर्ड करत आला होता, पण नावं देण्यात त्याचा सगळा आनंदीआनंद होता. ‘आई’, ‘आई २’, ‘आई फायनल’, ‘हळद खरी’. वडील रोज लावायचे त्या फाइलचं नाव होतं ‘आई नवीन’. आवाजाच्या फाइली त्याने व्हिडिओतून वेगळ्या काढलेल्या, त्यामुळे आत कुठे तारखेची नोंद उरली नव्हती. उरली होती ती फक्त फाइलला शेवटचा हात कधी लागला ती वेळ, जी प्रत्येक कॉम्प्युटर आपापली लिहून ठेवतो.

रंजिताने ऑफिसच्या लॅपटॉपवर छोटी स्क्रिप्ट लिहिली. फोल्डरमधली एकेक फाइल घ्यायची, तिची तारीख विचारायची, नावासमोर छापायची. तिच्या लॅपटॉपवर ती झकास चालली. रविवारी स्टुडिओतल्या धनेशच्या मॅकवर चालवली तर पहिल्याच ओळीला अडली. कमांड तीच, पण या मशीनला तारीख वेगळ्या अक्षराने विचारावी लागत होती. तिने ते बदललं. मग धनेशने बॅकअपचा डबा दाखवला, फाइलींच्या जादा प्रती ठेवायचं छोटं मशीन, टेबलाखाली धूळ खात पडलेलं. त्यात ती कमांडच नव्हती. नुसती यादी मागितली तर अलीकडच्या फाइलींपुढे वेळ यायची आणि जुन्यांपुढे वर्ष, आणि एकाला दुसऱ्याशी ताडून बघता येत नव्हतं.

शेवटी तिने स्क्रिप्ट नव्याने लिहिली. आधी मशीनला विचारायचं, तुला कशाने तारीख सांगता येते. एक जमलं नाही तर दुसरं, दुसरं नाही तर तिसरं. छापायचं मात्र सगळीकडे एकाच पद्धतीने, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. कुठल्याही मशीनवर नेली तरी चालेल अशी. काम मनासारखं झालं म्हणून तिला जरा हुरूपही आला.

मॅकवर सगळ्या फाइलींसमोर एकच तारीख आली. गेल्या दिवाळीतली. धनेशने कपाळाला हात लावला. त्या दिवशी त्याने हा मॅक घेतला होता आणि स्टुडिओतल्या जुन्या मशीनवरून सगळं नुसतं कॉपी केलं होतं. कॉपी करताना तारखा जपायला सांगायचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. डब्यावर तर सगळ्याच फाइली १ जानेवारी १९७०च्या निघाल्या. डब्याचं घड्याळ कधीच मेलं होतं, आणि घड्याळ मेलं की असं मशीन हीच तारीख धरून बसतं. त्या तारखेला मालूचं लग्नही झालं नव्हतं.

“घरचा जुना पीसी?” रंजिताने विचारलं.

तो घरी माळ्यावर होता. मोबाइलमधून सगळं पहिल्यांदा त्यावरच उतरायचं, मग पेनड्राइव्हवरून स्टुडिओत जायचं. एसटी स्टँडजवळच्या दुकानातून जुना पॉवर सप्लाय आणून रंजिताने तो सुरू केला. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. आई पलंगावर बसून त्या खडखडणाऱ्या पंख्याकडे बघत होती.

स्क्रिप्ट पहिल्या झटक्यात चालली. इथे कुणी फाइलींना हात लावला नव्हता, तारखा जशाच्या तशा होत्या, वेगवेगळ्या वर्षांच्या. नावं मात्र मोबाइलने दिलेली, नुसते आकडे. ‘आई नवीन’ यातली कुठली, ते ऐकूनच ठरवावं लागणार होतं. त्या रेकॉर्डिंगमध्ये मधेच एक मूल रडतं आणि आई सूर न सोडता त्याला चुचकारते, ती जागा रंजिताला पाठ होती. ती एकेक फाइल लावत गेली.

मूल रडलं. फाइल आठ वर्षांपूर्वीची होती. गोळ्या तर सोडाच, तेव्हा आई एकटी एसटीने उरणला जाऊन येत होती.

हृतिकच्या हळदीच्या तारखेची फाइलही सापडली. त्यात आईने दोन ओळी म्हटल्या होत्या. मग नुसता मांडवातला गलका, आणि मग दुसऱ्या बायकांनी पुढचं उचललं होतं. हेच रेकॉर्डिंग घरात सगळे जुनं समजत होते, कधीतरी घसा बसला होता तेव्हाचं.

रंजिता गॅलरीत गेली आणि तिने धनेशला फोन लावला. तिने दोन्ही तारखा सांगितल्या. तो म्हणाला की ‘नवीन’ हे नाव त्याने खोटं दिलं नव्हतं, फाइलमधली खरखर काढून नवी केली म्हणून दिलं होतं. त्या हळदीत बाबा जेवणावळीकडे होते आणि रंजिता कामावर; बाबांनी नाव वाचून हे त्याच हळदीचं म्हटलं, आणि ते इतके खूश झाले की त्याने दुरुस्त केलं नाही.

“तारीख बदलता येते ना गं?” त्याने विचारलं.

“एका ओळीत.”

“मग?”

“मग डॉक्टर डोस वाढवतील, दादा. आईला पेज तरी जाते का आता?”

त्याने फोन ठेवला.

आत आल्यावर बाबांनी विचारलं, “तारीख गावली का, बाय?”

तिने सांगितलं. ते पडद्याकडे सरकले. वाचता येत असूनही त्यांनी बोट ठेवून एकेक आकडा वाचला.

“ही गान्याची तारीख हाय का कॉपीची?”

“गाण्याचीच, बाबा. मोबाइलमधली तारीख इथे तशीच उतरली आहे.”

“मशीन चुकत नाय?”

चुकतं, ती म्हणाली, डब्याचं चुकलंच होतं. पण हृतिकच्या हळदीचा दिवस लग्नपत्रिकेशी जुळतो आहे. त्यांनी मान हलवली आणि पुढे वाद घातला नाही. त्यांनी घातला असता तर तिला बरं वाटलं असतं.

आठवड्याने डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. मळमळ थांबेल, म्हणाले. बाकी काही थांबेल असं ते म्हणाले नाहीत. मळमळ थांबली. आई थोडं जेवू लागली आणि त्याच महिन्यात तिने रंजिताला ओळखणं सोडलं. आता ती तिला ‘ताई’ म्हणायची, परक्या बाईला म्हणतात तसं, अदबीने.

एका संध्याकाळी बाबांनी पीसी पुन्हा लावायला सांगितला. त्यांना एकच विचारायचं होतं.

“शेवटचा पुरा कवा गायली ती?”

रंजिताने फाइली तारखेप्रमाणे लावल्या आणि नव्याकडून जुन्याकडे ऐकत गेली. अर्धवट, अर्धवट, चार ओळी, मग एकात एक कडवं दोनदा. मग एक पुरा मिळाला. पाच वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतला. आवाज थकलेला, पण देवांच्या आवतणापासून हळद उतरेपर्यंत एकही ओळ सुटलेली नाही. शेवटी कुणीतरी चहा विचारतं आणि आई म्हणते, थोडा दे.

“कोनाची हलद ही?” बाबांनी विचारलं.

रंजिताला आठवेना. धनेशला फोन केला, त्याने रेकॉर्ड केलेलं असूनही त्याला आठवेना. त्या मोसमात चिकार लग्नं होती. बाबांनी चुलत भावांची, मेहुण्यांची, गावकीतली नावं घेऊन पाहिली. कुणाचं लग्न मे महिन्यातलं, कुणाचं त्याच्या आदल्या वर्षीचं. चहा विचारणारा आवाजही कुणाला ओळखता येईना. मालू तिथेच बसली होती. बाबांनी तिच्याकडे वळून तिलाही विचारलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि परक्यासमोर बसावं तशी आक्रसून बसली.

बाबा आणखी थोडा वेळ नावं घेत राहिले. मग नावं संपली.